मधली खुर्ची

प्रिय खाचवाले,

कारखान्यातलं तुझं नाव शेवटी मीही उचललं. चारचौघांत 'अहो', पत्रात 'तू' आणि लाडात आले की 'खाचवाले', असं तुझं आता तीन नावांवर चाललंय. हे पत्र मी तबकड्या ऐकून तपासायच्या कॅबिनमध्ये बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी झालीय, पलीकडची दाबयंत्रं थांबलीत, त्यामुळे भिंतींची नेहमीची थरथर बंद आहे. डबा पुढ्यात तसाच पडलाय. तुझी बोट मधल्या बंदरात माल घ्यायला थांबेल, तेव्हा तिथल्या कचेरीतून हे तुझ्या हाती पडेल, असं मोठ्या साहेबांचा कारकून म्हणाला. तू पत्रं कशी वाचतोस ते मला ठाऊक आहे, पाकीट वेडंवाकडं फाडायचं आणि उभ्या उभ्या चालता चालता वाचून टाकायचं. हे मात्र कुठेतरी बसून वाच. घाबरू नकोस, घर जागेवर आहे, सगळे हिंडतेफिरते आहेत आणि वन्सं माझ्यावर रागावलेल्या आहेत, म्हणजे एकूण सगळं रोजच्यासारखंच.

आधी कारखान्याचं सांगते. तू पुढे पाठवलेलं, तबकडीवर खाच कोरायचं नवं यंत्र अजून गोणपाटातच आहे. 'तो आल्याशिवाय खोक्याचा खिळासुद्धा काढायचा नाही,' असा साहेबांचा हुकूम आहे. मी येता-जाता त्याच्याकडे बघते. तुझी वाट बघणारे आम्ही दोघंच, मी आणि ते खोकं. मुख्य कंपनीकडून आलेल्या साच्यांवरून आपण चार-पाच स्टिरिओ तबकड्या काढल्या, त्या मीच ऐकून पास केल्या. साधी तबकडी ऐकायला मला आता डोकं लागत नाही. भोक जरा सरकलेलं असलं की गाणं झोकांड्या खातं, साचा झिजला की सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं, धूळ दाबली गेली की टिक टिक. पण स्टिरिओची टिकटिक कधी या बाजूला होते, कधी त्या बाजूला. पहिल्या दिवशी तर मी दचकून मागे वळून बघितलं, खिडकीवर कुणी टिचकी मारली की काय म्हणून. माझ्या शेजारी ऐकायला बसणाऱ्या चष्मेवाल्या बाई पोट धरून हसल्या.

दुकानदार मात्र वैतागलेत. एकच गाणं, दोन पाकिटं, साधं वेगळं आणि स्टिरिओ वेगळं. फळ्या दुप्पट झाल्या, गिऱ्हाईक तेवढंच राहिलं. चौकातल्या रेकॉर्डवाल्याकडे एक गृहस्थ तबकडी परत घेऊन आले, गाणारी बाई गायबच आहे, नुसती पेटी ऐकू येते म्हणून भांडायला. रेकॉर्डवाला त्यांच्या घरी जाऊन बघतो तर त्यांनी एकच स्पीकर जोडला होता, दुसऱ्यावर फुलदाणी ठेवली होती. दुसऱ्या एकाने नवी तबकडी जुन्या जड सुईखाली घातली आणि चार वेळांत नांगरून टाकली. वन्संचं तर तुला माहीतच आहे. त्या म्हणतात, 'एका गाण्याला दोन भोंगे कशाला? एक बिघडला तर राखीव?' मी त्यांना समजावून सांगायला गेले, तर म्हणाल्या, 'आमच्या वेळी बाईमाणूस एका जागी उभं राहून गायचं, असं खोलीभर हिंडत नव्हतं.'

ही नवी कोरणी शिकायला तू परदेशी पोचलास, त्या आठवड्यातलं तुझं पहिलं पत्र आठवतं? त्यात तू लिहिलं होतंस की तिकडे सगळ्या कंपन्यांची नुसती भांडणं चाललीत. एकाने म्हणे तबकडीवर दोन वेगवेगळे पट्टे कोरले आणि ते वाजवायला चिमट्यासारखे दोन हात लावले. दुसऱ्याचं म्हणणं, एक आवाज आडवा हलवा आणि एक वरखाली. आणि शेवटी सगळ्यांनी मान्य केलं ते तिरक्या भिंतींचं. भांडून भांडून सगळे एकाच खाचेत आले, असं तू लिहिलंस, ते वाक्य साहेबांनी दोनदा वाचून घेतलं. आणि ज्याने पंचवीस वर्षांपूर्वीच हे करून ठेवलं होतं, तो हे दिवस बघायला राहिला नाही, हे वाचून आपल्या भिंगरीने विचारलं होतं, 'मग त्याचं त्याला ऐकायला तरी मिळालं होतं का?' तिला नेहमी असलंच काहीतरी सुचतं.

भिंगरीचं लिहायचं म्हणूनच मी एवढं इकडचं तिकडचं लिहितेय. तुझ्याशी काय लपवायचं. नाही, हेही खोटंच. लपवलंच आहे मी.

ती तुझीच पोरगी आहे. माझ्या पोटी नुसती येऊन गेली. चालायला लागल्यापासून सुट्टीच्या दिवशी तुझ्या मागे कोरणीच्या खोलीत जायची. तू लॅकर चढवलेल्या कोऱ्या तबकडीवर खाच कोरायचास आणि ती निघणारी काळी, केसासारखी बारीक दोरी गोळा करत बसायची. तुम्ही दोघं घरी एका स्पीकरसमोर डोक्याला डोकं लावून बसायचात आणि मी आतून हाका मारून थकायचे. बोटीवर चढताना तू तिला सांगितलंस, 'मी येईन तेव्हा आपल्या घरी गाणं दोन्ही बाजूंनी येईल आणि ते सगळ्यांत आधी तू ऐकशील.' ती ते अजून जसंच्या तसं म्हणून दाखवते, तुझा आवाज काढून.

तू जाऊन तिसरा महिना असेल. तिला गालगुंड झालं. मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काय त्यात, सगळ्याच पोरांना होतं. शाळेतल्या निम्म्या वर्गाला झालं होतं. गाल भोपळ्यासारखा सुजला, ताप चढला. वन्संनी शेक दिला, डॉक्टरांनी औषध दिलं. नेमकी तेव्हा कारखान्यात मोठी मागणी आली होती, ऐकायला आम्ही दोघीच. मी तिसऱ्या दिवशी कामावर गेले. ती म्हणाली होती, 'आई, माझ्या कानात शिट्टी वाजतेय.' मी म्हटलं, 'तापाने होतं गं तसं, झोप.' संध्याकाळी आले तेव्हा ती म्हणाली, शिट्टी गेली. मला हायसं वाटलं. शिट्टीबरोबर काय गेलं ते मला कळलं नाही, तिलाही कळलं नाही.

त्यानंतरचे ते दोन-तीन महिने आता मी मनात पुन्हा पुन्हा वाजवून बघते. रस्त्याने जाताना ती माझ्या डाव्या हाताला यायला बघायची. मी तिला उजव्या हाताला घेतलं तर मागून वळसा घालून पुन्हा पलीकडे जायची. मला वाटायचं खेळतेय. एका कुशीवर झोपली असली की हाका मारून मारून उठायची नाही. जेवताना वन्सं तिच्या डाव्या बाजूला बसून काही बोलल्या तर उत्तरच नाही. वन्सं म्हणायच्या, 'बापाच्या लाडाने शेफारलीय.' आणि मी तिला म्हणायचे, 'बहिरी झालीस का गं?' एकदा नाही, कितीदा तरी. दिवसभर लोकांच्या तबकड्यांमधली बारीकशी टिकटिक पकडायचा पगार घेणारी बाई मी. साहेब पाहुण्यांना सांगतात, 'आमच्या या बाईंच्या कानातून काही सुटत नाही.' आता ते असं बोलले की मला तोंड लपवावंसं वाटतं.

प्रात्यक्षिकाची तबकडी आली तेव्हा साहेबांनी एका सुट्टीच्या दुपारी सगळ्यांच्या मुलांना बोलावलं. मोठ्या खोलीत दोन स्पीकर, मध्ये एक खुर्ची. एकेका मुलाने बसायचं, डोळे मिटायचे आणि आवाज कुठून येतोय ते बोटाने दाखवायचं. टेबल टेनिसचा चेंडू टाकटुक करत इकडून तिकडे जातो, आगगाडी एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीत शिरते, बँडवाले येतात. मुलं किंचाळत होती, आगगाडीला घाबरून एकाने खुर्चीवरून उडीच मारली. भिंगरीला सगळ्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. ती रांगेत उभी राहून माझ्याकडे बघून हसत होती. बसली. डोळे मिटले. चेंडूचा आवाज सुरू झाला आणि तिने उजवीकडे बोट केलं. मग पुन्हा उजवीकडे. मग थांबली. मान जराशी फिरवली, पुन्हा उजवीकडेच. मुलं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, खाचवाल्यांचीच पोरगी ना ही! साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, 'नीट ऐक बाळ, दोघं जण खेळतायत.' त्यावर तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'हो, पण दोघं एकाच बाजूला उभे राहून खेळतायत.'

सगळे हसले. मीही हसले रे. आणि हसता हसता माझं हसू कुठे गेलं ते मला समजलं नाही. मी पुढे झाले, तिच्या मागे उभी राहिले आणि तिच्या उजव्या कानावर हात ठेवला. तिने वर बघून विचारलं, 'आई, बंद का केलं?' तबकडी चालूच होती. आगगाडी खोलीतून धडधडत जात होती.

कानाचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी तिच्या डोक्याला कंप पावणारा काटा लावून पाहिला, कानात बघितलं, पाठीमागे उभे राहून कुजबुजले. म्हणाले, डाव्या कानाची शीर गेली, गालगुंडाने क्वचित जाते. एकाच कानाची जाते आणि मुलांना कळत नाही, कारण दुसरा कान सगळं काम उचलतो. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. उजवा कान उत्तम आहे, शिकेल, बोलेल, गाईलसुद्धा. फक्त आवाज कुठून आला ते कळणार नाही, रस्ता ओलांडताना जपायचं. मी विचारलं, मी तेव्हा लगेच आणलं असतं तर? ते म्हणाले, तरी काही झालं नसतं. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. बाहेर पडल्यावर मला वाटलं, त्यांनी निदान थोडंसं तरी माझ्यावर रागवायला हवं होतं. आम्ही घरी आल्यावर वन्सं तोंडाला पदर लावून खूप रडल्या, आणि तेव्हापासून माझ्यावर रागावल्यात त्या यासाठी, की मी तुला कळवत नाही. त्या म्हणतात, 'माझ्या भावाला परका समजतेस का?' त्यांचं चुकत नाही.

तेव्हा तुझी परीक्षा तोंडावर होती. कळवलं असतं तर पुढच्या बोटीने निघून आला असतास, मला खात्री आहे. साहेबांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं आणि तू जन्मभर साध्या खाचा कोरत बसला असतास आणि एकदाही बोलून दाखवलं नसतंस. हे मी वन्संना सांगितलं आणि त्यांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. खरं कारण मला तुझ्यासमोर म्हणायला जड जातंय. मला तुला तोंड दाखवायची भीती वाटली. पोरगी माझ्यावर सोपवून गेला होतास.

आणि मग माझी सोयच झाली. त्या आठवड्यात तुझं पत्र आलं, ते खाचेचं चित्र काढलेलं. खाचेच्या दोन तिरक्या भिंती, आतल्या भिंतीत डावा आवाज, बाहेरच्या भिंतीत उजवा, आणि खाली तू एक छोटं डोकं काढलं होतंस, दोन मोठ्या कानांचं, दोन वेण्यांचं. 'भिंगरी, एक भिंत तुझ्या या कानासाठी आणि एक त्या कानासाठी.' मी तिला पत्र वाचून दाखवताना ते वाक्य गाळलं. ती म्हणाली, 'आई, तू काहीतरी खाल्लंस.' हातातून पत्र घेतलं, वाचलं, चित्र बघितलं. मला वाटलं, आता रडेल. तिने घडी घातली आणि म्हणाली, 'बाबांना सांगू नकोस. त्यांचं सगळं फुकट जाईल.' मी म्हटलं, 'फुकट काय गं जायचंय त्यात?' तर म्हणाली, 'शपथ घे.' मी घेतली. तुला खरं सांगू? माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. नऊ वर्षांच्या पोरीच्या शपथेआड मी लपले, आणि वन्संनी विचारलं की तोंड वर करून सांगायला लागले, 'मी काय करू, तिला शब्द दिलाय.'

त्यानंतर महिन्याने तू उद्घाटनाचं लिहिलंस. ते पत्र तिने माझ्याआधी फोडलं. आपण स्वतः कोरलेली पहिली स्टिरिओ तबकडी बाजारात आणताना मोठ्या हॉलमध्ये दुकानदार आणि वर्तमानपत्रवाले जमवायचे, मधल्या खुर्चीवर भिंगरीला बसवायचं, डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि तिने आवाज कुठे आहे ते दाखवायचं. 'मोठं माणूस बसवलं तर लोक म्हणतील शिकवून ठेवलंय. नऊ वर्षांच्या पोरीवर कोण संशय घेईल?' हे तुझं वाक्य. साहेबांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी निमंत्रणं छापायला टाकली. त्या दुपारी भिंगरी चेष्टा करत होती, असंच त्यांना वाटलंय. मी तेव्हा बोलायला हवं होतं. साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि माघारी आले.

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात होते. भिंगरी बाहेरच्या खोलीत पुटपुटत होती, पाढे म्हणतात तसं. मी कान दिला. 'डावा, उजवा, डावा, उजवा, दोनदा डावा, मग चेंडू खाली पडतो. आगगाडी डावीकडून उजवीकडे. बँड उजवीकडून, ढोल मध्ये. पावलं डावीकडे, दार उजवीकडे.' डोळ्यांवर माझा रुमाल बांधला होता आणि बोटाने हवेत दाखवत होती. शाळा सुटली की ती माझ्याकडे कॅबिनमध्ये येते ना, तेव्हा चष्मेवाल्या बाईंना गोडीगोडीने विचारून तिने सगळी तबकडी पाठ केली होती. बाईंना वाटलं, हौस आहे पोरीला. मी दारात उभी राहिले. तिला जवळ घ्यायला हवं होतं, रुमाल सोडायला हवा होता. तिने म्हटलं, 'घोडागाडी डावीकडून येते,' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'नाही गं, घोडागाडी उजवीकडून.' ती दचकली, मग हसली. 'हो की. उजवीकडून.' आणि आम्ही दोघींनी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. त्यानंतर रोज म्हणतो. वेणी घालताना, भांडी विसळताना. मी तिची चूक काढते, ती सुधारते. आता एकही चुकत नाही. मी तिला वाचायला शिकवलं तेव्हासुद्धा ती माझ्यावर इतकी खूश नव्हती. आणि हे शिकवताना मला रोज वाटतं, जे तिचं गेलं ते मी दुसऱ्यांदा घालवतेय.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला होता, म्हणून पत्र अर्धवट ठेवलं होतं. आता घरी बसून पुरं करतेय. सुट्टीची सकाळ आहे. वन्सं भाजी आणायला गेल्यात, भिंगरीला बरोबर घेऊन गेल्यात. वन्संनी तिला आपल्या डाव्या हाताला घेतलंय. रस्त्याच्या टोकापर्यंत मी खिडकीतून बघत होते. वन्संना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून शिकून घेतलं. माझ्याआधी.

गेल्या आठवड्यात तुझं शेवटचं पत्र आलं. ते मी तिला दाखवलेलं नाही. तू लिहिलंयस की उद्घाटनाला प्रात्यक्षिकाची ती तबकडी वाजवायची नाही, ती आता सगळ्यांनी ऐकलीय. तू स्वतः तिकडे एक नवी कोरली आहेस, वेगळ्या आवाजांची, शिक्षकांनी तुझी पाठ थोपटली. ती कुणीच ऐकलेली नाही आणि तू ती पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवून आणतोयस. 'भिंगरीलाही आधी ऐकवणार नाही. सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकू दे, मला तिचा चेहरा बघायचाय.' हे वाचलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. भरल्या हॉलमध्ये ती रुमाल बांधून बसेल, पाठ केलेलं सगळं तयार ठेवून, आणि पहिला आवाज वेगळाच निघेल.

तेव्हा मी हे का लिहितेय ते आता ऐक. परवा मी तुला चारच ओळी लिहिल्या होत्या, की जुनीच तबकडी वाजव, साहेबांना तीच आवडते. पाकीट चिकटवलं, टपालाच्या पेटीपर्यंत गेले. म्हणजे भिंगरी सगळं बरोबर दाखवणार, लोक टाळ्या वाजवणार, तू तिला उचलून घेणार, आणि तुझा तो आनंद बघत मी कोपऱ्यात उभी राहून टाळ्या वाजवणार. तिथेच मला ते जमेनासं झालं. मी ते पत्र फाडून टाकलं आणि शपथ मोडायचं ठरवलं. मधल्या खुर्चीवर कुणाला बसवायचं ते तू आणि साहेब बघून घ्या, आपली पोरगी तिथे बसणार नाही. साहेबांशी मी उद्या सकाळी बोलते. तू आलास की तिच्यासमोर माहीत नसल्याचं सोंग करू नकोस, या घरात सोंगं पुष्कळ झाली. मी सांगितलं हे तिला कळेल, ती माझ्याशी बोलणार नाही. नाही बोलली तर नाही. तुला माझा राग आला तर तोही कर, डॉक्टरांनी केला नाही, कुणीतरी करायला हवा. फक्त एक काम कर. काल तिची वेणी घालत होते, तेव्हा तिने विचारलं, 'आई, आता सगळ्याच रेकॉर्डी दोन कानांच्या निघणार का? एका कानाच्या बाबा बंद करतील?' मी म्हटलं, मला नाही माहीत, बाबांना विचार. ती म्हणाली, 'नको, त्यांना वाईट वाटेल.' म्हणून मी विचारतेय. उत्तर मला लिहू नकोस. बोटीवरून उतरलास की आधी तिला दे.

तुझीच